डुप्ले : एका अपुऱ्या साम्राज्याचा शिल्पकार

इतिहास बहुधा विजेत्यांची नावे लक्षात ठेवतो. क्लाइव्हचे नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. परंतु ज्याच्याकडून क्लाइव्ह राजकारणाचा पहिला धडा शिकला, त्या डुप्लेचे नाव परीक्षेपुरते पाठ होते आणि परीक्षेबरोबरच विसरलेही जाते. वास्तविक हिंदुस्थानात युरोपियन सत्तेची इमारत कोणत्या पायावर उभी राहू शकेल, हे ज्याने प्रथम ओळखले तो हा फ्रेंच गव्हर्नर. पाया त्याने खणला, इमारत मात्र दुसऱ्यांनी बांधली. त्याच्या आयुष्याची कहाणी म्हणूनच केवळ एका व्यक्तीच्या उत्कर्षाची आणि अधःपाताची कहाणी राहत नाही. आपण गुलाम कसे झालो, या प्रश्नाचे निम्मे उत्तर तीत दडलेले आहे.

या कहाणीची पार्श्वभूमी आधी पाहिली पाहिजे. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवे जिंकले. पुढे १६०० मध्ये इंग्रजांची आणि १६०२ मध्ये डचांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. मिरी, कापड आणि रेशीम यांच्या व्यापारासाठी या राष्ट्रांत सात समुद्रांवर चढाओढ सुरू झाली. फ्रेंच मात्र उशिरा जागे झाले. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६६४ मध्ये फ्रेंच कंपनी काढली. तिची पहिली वखार १६६८ मध्ये सुरतेला निघाली आणि १६७४ च्या सुमारास फ्रांस्वा मार्तें याने पाँडेचरीचा पाया घातला. तीनच वर्षांनी शिवाजीमहाराजांची कर्नाटकाची स्वारी झाली. ज्याच्या आश्रयाने फ्रेंच तेथे राहिले होते, तो विजापूरचा सुभेदार शेरखान लोदी पराभूत झाला आणि मार्तेंला महाराजांकडून नव्याने अभय मिळवावे लागले. पुढे १६९३ मध्ये पाँडेचरी डचांनी घेतली. १६९७ च्या रिस्विकच्या तहाने ती फ्रेंचांना परत मिळाली. एखाद्या गावाचा धनी युरोपातल्या तहाच्या मेजावर ठरावा, हा प्रकार तेव्हापासूनचा!

त्याच १६९७ साली, वर्षारंभी, फ्रान्सच्या उत्तरेकडील लाँद्रेसी या गावी जोझेफ फ्रांस्वा डुप्ले जन्मला. वडील तंबाखूच्या सरकारी मक्त्यात हात असलेले श्रीमंत गृहस्थ आणि पुढे फ्रेंच कंपनीचे एक संचालक होते. मुलाचा ओढा गणित आणि शास्त्रे यांकडे होता. पुस्तकी स्वभावाचा हा मुलगा व्यवहारी व्हावा, म्हणून वडिलांनी १७१५ मध्ये त्याला जहाजावर चढवून जलप्रवासाला धाडले. औषध लागू पडले. समुद्र पाहून परतलेल्या तरुणाच्या डोक्यात व्यापाराखेरीज दुसरे काही राहिले नाही. वडिलांच्या वजनामुळे १७२० मध्ये पाँडेचरीच्या वरिष्ठ मंडळावर त्याची नेमणूक झाली आणि तो हिंदुस्थानात आला.

त्याचा आरंभ मात्र सरळ झाला नाही. वरिष्ठांशी त्याचे बिनसले आणि १७२६ मध्ये तो निलंबित झाला. दुसरा कोणी असता तर पहिल्या जहाजाने घरी गेला असता. डुप्ले पाँडेचरीतच ठाण मांडून बसला, अर्जविनंत्या करीत राहिला आणि १७३० मध्ये निर्दोष ठरला. हा चिवटपणा त्याच्या स्वभावाचा कणा होता. पुढे याच गुणाने त्याला मोठे केले आणि याच गुणाने त्याला बुडविले.

निर्दोष ठरल्यावर त्याला बंगालमधील चंद्रनगरच्या वखारीचा मुख्य नेमण्यात आले. हुगळीच्या काठावरचे हे ठाणे तेव्हा अगदी मरगळलेले होते. कंपनीकडे भांडवल नव्हते. डुप्लेने स्वतःचा पैसा घातला, मित्रांचा आणि देशी सावकारांचा पैसा उभा केला, जहाजे घेतली आणि सुरत, बसरा, जेद्दा, चीन अशा दूरदूरच्या बंदरांशी व्यापार सुरू केला. दहा वर्षांत चंद्रनगर गजबजून गेले आणि डुप्लेही धनवान झाला. त्या काळी कंपनीच्या नोकरांनी खासगी व्यापार करणे हे उघड आणि मान्य होते. परंतु कंपनीचा पैसा कोठे संपतो आणि आपला कोठे सुरू होतो, ही रेषा पुसट ठेवण्याची सवय त्याला येथेच लागली. या सवयीची किंमत त्याला म्हातारपणी मोजावी लागली.

१७४१ मध्ये त्याने जान आल्बेर या विधवा स्त्रीशी विवाह केला. पाँडेचरीतच १७०६ मध्ये जन्मलेल्या या बाईचे वडील फ्रेंच शस्त्रवैद्य होते आणि आईकडून तिच्यात भारतीय-पोर्तुगीज रक्त आले होते. तिला तमिळ येत असे. देशी दरबारांशी चालणारा पत्रव्यवहार आणि हेरांच्या बातम्या यांत नवऱ्याला तिची फार मोठी मदत झाली. लोक तिला जान बेगम म्हणून ओळखू लागले. डुप्लेचा दुभाषी आनंद रंग पिल्लै याने वर्षानुवर्षे तमिळमध्ये रोजनिशी लिहून ठेवली. नवराबायकोचे गुणदोष, लोभ, धाडस आणि हट्ट सारे तीत उतरले आहे. गोऱ्या राज्यकर्त्यांकडे एका भारतीयाने इतक्या जवळून आणि इतक्या सावधपणे पाहिल्याचे उदाहरण त्या काळात क्वचितच सापडेल.

जानेवारी १७४२ मध्ये डुप्ले पाँडेचरीचा गव्हर्नर झाला. कर्नाटकाची स्थिती त्या वेळी कशी होती? १७४० मध्ये रघूजी भोसले मोठ्या फौजेनिशी खाली उतरले होते. दामलचेरीच्या घाटात अर्काटचा नवाब दोस्त अली मारला गेला आणि त्याच्या घरच्या बायकामुलांनी पाँडेचरीचा आश्रय घेतला. डुप्लेच्या आधीचा गव्हर्नर द्यूमा याने त्यांना मराठ्यांच्या स्वाधीन करण्याचे नाकारले. मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली. दोस्त अलीचा जावई चंदासाहेब कैद होऊन साताऱ्याला गेला आणि गुत्तीचे मुरारराव घोरपडे त्रिचनापल्लीत राहिले. दोन वर्षांनी निजामाने ते ठाणे परत घेतले. गादी कोणाची आणि मुलूख कोणाचा, हे कोणालाच निश्चित सांगता येत नव्हते. अशा ढिल्या झालेल्या राज्यात एखादा बाहेरचा मनुष्य थोड्या शक्तीने पुष्कळ काही करू शकेल, हे डुप्लेने हेरले.

संधी युरोपातून आली. ऑस्ट्रियाच्या गादीवरून युद्ध पेटले होते. १७४४ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड त्यात परस्परांविरुद्ध उघडपणे उतरले. डुप्लेने आरंभी हिंदुस्थानात तटस्थ राहण्याची बोलणी केली. कारण युद्धाने व्यापार बुडतो हे व्यापाऱ्याला कळत होते. परंतु इंग्रजांचे आरमार फ्रेंच जहाजे पकडू लागले. तेव्हा मॉरिशसचा गव्हर्नर ला बूर्दोने हा जहाजे घेऊन आला आणि सप्टेंबर १७४६ मध्ये त्याने मद्रास जिंकले. त्या वेळी मद्रासमधून निसटलेल्या इंग्रज कारकुनांत रॉबर्ट क्लाइव्ह नावाचा एक तरुण होता.

शहर जिंकल्यावर दोघा फ्रेंचांत जुंपली. ला बूर्दोनेने ११ लाख होनांची खंडणी ठरवून मद्रास परत देण्याचा करार केला. डुप्लेला ते शहर कायमचे हवे होते. वाद चालू असतानाच ऑक्टोबरचे वादळ झाले आणि ला बूर्दोनेची काही जहाजे बुडाली, काही मोडली. तो निघून गेला. डुप्लेने करार झुगारून दिला. दोघांतील कोण बरोबर होता, यावर इतिहासकारांत वाद आहे. त्याचा परिणाम मात्र वादातीत आहे. त्या वादळाबरोबर फ्रेंचांचे समुद्रावरील बळ गेले आणि तेवढे बळ डुप्लेला पुन्हा कधीच मिळाले नाही.

मद्रास आपल्याला मिळेल या आशेवर असलेला अर्काटचा नवाब अन्वरुद्दीन चिडला. त्याने आपल्या मुलाला फौज देऊन पाठविले. अड्यार नदीच्या काठी पाराडी या अधिकाऱ्याच्या हाताखालील सुमारे हजारभर कवायती शिपायांनी नवाबाच्या दहा हजारांच्या आसपास असलेल्या फौजेची दाणादाण केली. त्या हजारांत बहुसंख्य शिपाई हिंदीच होते, हे विसरता येत नाही. कवायत, बंदुका भराभर झाडण्याची शिस्त आणि नियमित पगार एवढ्यानेच हा चमत्कार घडला. संख्येचा दरारा त्या दिवशी संपला.

१७४८ मध्ये इंग्रज दर्यासारंग बॉस्कावेन याने पाँडेचरीला वेढा घातला. डुप्लेने शहर नेटाने लढविले आणि वेढा उठला. मात्र याच वेढ्याच्या दिवसांत शहरातील वेदपुरीश्वराचे देऊळ पाडले गेले. ते पाडावे म्हणून पाद्री पूर्वीपासून मागे लागले होते. युद्धाची सबब मिळताच डुप्ले पतीपत्नींनी त्यांचे म्हणणे मान्य केले. आनंद रंग पिल्लैने ही घटना दुःखाने नोंदवून ठेवली आहे. शूर संरक्षक आणि प्रजेच्या श्रद्धेविषयी बेपर्वा असलेला सत्ताधीश, अशी दोन्ही रूपे एकाच माणसात होती. चरित्र लिहिताना त्यांतील एक झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

एवढी धडपड करून हाती काय आले? १७४८ च्या ए-ला-शापेलच्या तहाने मद्रास इंग्रजांना परत गेले आणि त्याच्या मोबदल्यात फ्रान्सला उत्तर अमेरिकेतील लुईबूरचा किल्ला मिळाला. मद्रासच्या कोळ्या-कोष्ट्यांना लुईबूर कोठे आहे हे ठाऊक नव्हते आणि तेथल्या मच्छीमारांना मद्रास ठाऊक नव्हते. दोघांचेही भवितव्य युरोपातल्या एका कागदावर ठरले.

येथून डुप्लेचे खरे राजकारण सुरू होते. युरोपात तह झाला होता, त्यामुळे इंग्रजांशी उघड लढता येत नव्हते. परंतु देशी राजांच्या भांडणात शिपाई भाड्याने देता येत होते! १७४८ मध्येच वृद्ध निजाम वारला. त्याचा मुलगा नासिरजंग आणि मुलीचा मुलगा मुजफ्फरजंग यांत गादीचा तंटा लागला. त्याच सुमारास चंदासाहेब साताऱ्याच्या कैदेतून सुटला आणि अर्काटवर हक्क सांगू लागला. मुजफ्फरजंग, चंदासाहेब आणि डुप्ले हे तिघे एकत्र आले. ३ ऑगस्ट १७४९ रोजी अंबूरच्या लढाईत अन्वरुद्दीन ठार झाला. त्याचा मुलगा महंमद अली पळून त्रिचनापल्लीच्या किल्ल्यात शिरला आणि इंग्रजांनी त्याचा पक्ष घेतला.

१७५० मध्ये बुसी या तरुण सेनापतीने दुर्भेद्य समजला जाणारा जिंजीचा किल्ला घेतला. राजाराममहाराजांनी मोगलांशी वर्षानुवर्षे झुंज दिली तो हाच जिंजी! त्याच वर्षी डिसेंबरात फितूर झालेल्या पठाण नवाबांपैकी एकाच्या गोळीने नासिरजंग पडला. मुजफ्फरजंग पाँडेचरीला आला. तेथे मोठा दरबार भरला आणि डुप्लेने मोगली पोशाख करून नजराणे स्वीकारले. कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलखाचा अधिकार, किताब आणि जहागीर असे सर्व त्याला मिळाले. नासिरजंग पडला त्या जागी डुप्ले-फतेहाबाद नावाचे गाव वसविण्यास त्याने आरंभ केला. तंबाखूच्या मक्तेदाराचा मुलगा नवाब झाला होता.

पुढच्याच वर्षी मुजफ्फरजंग मारला गेला. तरीही बुसीने न डगमगता सलाबतजंगाला निजामाच्या गादीवर बसविले आणि त्याला घेऊन तो हैदराबादेस व तेथून औरंगाबादेस गेला. आता फ्रेंचांची गाठ थेट पेशव्यांशी पडली. नोव्हेंबर १७५१ मध्ये कुकडी नदीच्या काठी ग्रहणाच्या रात्री बुसीच्या फौजेने नानासाहेब पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला. त्या तोफखान्याचा धसका मराठ्यांच्या मनात खोलवर बसला. आपल्याकडेही असे कवायती पलटण हवे, ही इच्छा त्यातूनच बळावली. बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांच्या बाजूने पानिपतावर उभा राहिला. त्याचा उगम अशा रीतीने पाँडेचरीपर्यंत जाऊन पोचतो.

निजामाच्या दरबारी बुसीचे पथक, त्याचा खर्च निजामाच्या मुलखातून आणि त्या पथकाच्या जोरावर निजामावरच अंमल, अशी ती योजना होती. १७५३ मध्ये पूर्व किनाऱ्यावरील उत्तर सरकारचे जिल्हे बुसीने या खर्चासाठी लावून घेतले. राज्य त्याचे, पैसा त्याचा, फौज आमची आणि सत्ताही आमची! पन्नास वर्षांनंतर लॉर्ड वेलस्लीने ज्याला तैनाती फौज असे नाव दिले, त्या युक्तीचा हा पहिला मसुदा होता. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली, तेव्हा पेशवाई ज्या फासात अडकली तो फास प्रथम एका फ्रेंच माणसाने वळला होता.

मग डुप्ले हरला कोठे? एका शब्दात सांगायचे तर त्रिचनापल्लीला. महंमद अली तेथे तग धरून बसला होता. त्याच्यावरील दाब कमी करण्यासाठी १७५१ मध्ये क्लाइव्हने २०० गोरे आणि ३०० देशी शिपाई घेऊन अर्काटवर झडप घातली आणि सुमारे पन्नास दिवस ते लढविले. मुरारराव घोरपडे आपल्या घोडदळासह इंग्रजांच्या मदतीला आले. नंतर तेच मुरारराव काही काळ फ्रेंचांकडे गेले. म्हैसूरची फौज कधी या बाजूला, तर कधी त्या बाजूला होती. १७५२ च्या जूनमध्ये श्रीरंगमच्या बेटात अडकलेल्या फ्रेंच फौजेने शरणागती पत्करली. चंदासाहेबाने तंजावरचा सरदार माणकोजी याच्यावर विश्वास ठेवला आणि त्याचे शिर कापले गेले. डुप्ले-फतेहाबाद क्लाइव्हने त्याच वर्षी उद्ध्वस्त केले. ज्याचे त्याचे हित आजच्यापुरते होते. उद्याचा विचार दोनच पक्ष करीत होते आणि ते दोन्ही परके होते.

डुप्लेला नमते घेणे ठाऊक नव्हते. हार झाली की तो नवे सैन्य उभारी आणि पैसा संपला की स्वतःचा घाली. पॅरिसला लिहिताना मात्र तो विजय सविस्तर कळवी आणि पराभव झाकून ठेवी. पत्र जाण्यास सहा-आठ महिने लागत, त्यामुळे खरी बातमी संचालकांना अनेकदा इंग्रजांकडून कळे. संचालकांना राज्य नको होते, नफा हवा होता. फ्रेंच कंपनी ही राजाच्या मर्जीवर चालणारी संस्था होती. तिच्यामागे इंग्रज कंपनीसारखे व्यापाऱ्यांचे स्वतंत्र भांडवल नव्हते आणि तिच्या किनाऱ्याचे रक्षण करील असे आरमारही नव्हते. लंडनमध्ये दोन्ही कंपन्यांची बोलणी सुरू झाली आणि डुप्लेला परत बोलावण्याचे ठरले.

१ ऑगस्ट १७५४ रोजी गोदेहू नावाचा अधिकारी पाँडेचरीला उतरला. आपल्याला मदत आली या समजुतीने स्वागताला गेलेल्या डुप्लेच्या हाती बडतर्फीचा हुकूम पडला. ऑक्टोबरात तो बायकोसह जहाजावर चढला. वर्ष संपण्यापूर्वी गोदेहूने इंग्रजांशी तात्पुरता तह केला. त्यात देशी राजांच्या भांडणांत न पडण्याचे दोघांनीही मान्य केले. दोनच वर्षांत सप्तवार्षिक युद्ध पेटले आणि तो तह कागदावरच राहिला.

फ्रान्समध्ये त्याचे स्वागत बरे झाले. परंतु कौतुकाने देणी फिटत नाहीत. युद्धावर खर्च केलेल्या लाखो लिव्ह्रांची त्याने कंपनीकडे मागणी केली. अधिकाराविना केलेला खर्च आम्ही का द्यावा, अशी कंपनीची भूमिका होती. हिशेबातील जुनी पुसट रेषा आता त्याच्यावरच उलटली. डिसेंबर १७५६ मध्ये जान वारली. सावकारांनी तगादा लावला आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजविण्यात उरलेली वर्षे गेली. या काळात हिंदुस्थानातून येणारी प्रत्येक बातमी त्याच्या छातीवर घाव घालणारी होती. मार्च १७५७ मध्ये त्याने वाढविलेले चंद्रनगर क्लाइव्हने घेतले. जानेवारी १७६० मध्ये वांदिवाशला फ्रेंच सेनापती लाली हरला. १६ जानेवारी १७६१ रोजी पाँडेचरी पडली आणि विजेत्यांनी ती जमीनदोस्त केली. त्याआधी दोनच दिवस, १४ जानेवारीला, पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला होता. इंग्रजांचे दोन प्रतिस्पर्धी एकाच आठवड्यात खचले!

१७६३ च्या पॅरिसच्या तहाने फ्रेंचांना काही ठाणी परत मिळाली, परंतु ती केवळ व्यापारापुरती. त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी पॅरिसमध्ये कर्जबाजारी अवस्थेत डुप्ले वारला. त्याचा प्रतिस्पर्धी ला बूर्दोने बॅस्तीयचा तुरुंग भोगून दहा वर्षांपूर्वीच गेला होता. लालीचा १७६६ मध्ये शिरच्छेद झाला. फ्रान्सने आपल्या साम्राज्य उभारणाऱ्यांना असे वागविले. क्लाइव्हला इंग्लंडने सरदारकी दिली खरी. पण त्यालाही चौकशीला तोंड द्यावे लागले आणि १७७४ मध्ये त्याचा शेवट स्वतःच्या हाताने झाला, असेच मानले जाते.

पुढे फ्रान्सला डुप्लेची आठवण झाली. १८७० मध्ये पाँडेचरीत त्याचा पुतळा उभारला गेला. १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडेचरीचा कारभार भारताच्या हाती आला. डुप्लेने ते शहर सोडले त्याला तेव्हा बरोबर दोनशे वर्षे झाली होती.

डुप्लेविषयी हळहळ वाटते, हे कबूल केले पाहिजे. कर्तबगार मनुष्य आपल्याच माणसांकडून उपेक्षित होऊन मेला, तर कोणालाही वाईट वाटते. परंतु तो यशस्वी झाला असता तर आपण मुक्त राहिलो असतो असे नव्हे. केवळ आपल्या मालकाची भाषा बदलली असती. त्याच्या आयुष्याचा खरा धडा पॅरिसच्या त्या कर्जबाजारी घरात नाही. तो अंबूर, त्रिचनापल्ली आणि अर्काट येथे आहे. त्या रणांगणांवर दोन्ही बाजूंना लढणारे बहुतेक शिपाई आपलेच होते, भांडणे आपल्याच घरची होती आणि दोन्ही बाजूंचा खर्च आपल्याच शेतकऱ्याच्या घामातून निघत होता. डुप्लेने आपल्याकडे फूट पाडली नाही. ती त्याला आयती सापडली. तिचा उपयोग कसा करावा, एवढेच त्याने जगाला दाखविले. क्लाइव्हला दोष देण्यापूर्वी आणि डुप्लेची कीव करण्यापूर्वी आपण या एका गोष्टीचा विचार केला, तर इतिहास वाचल्याचे सार्थक होईल.